जुन्या व्हॅनचा ईसीएम गेला म्हणतात, बदलू का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि घरी एक २००८ ची ओम्नी आहे, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्शनची, कार्ब्युरेटरची नाही), तिच्यावरच हे सगळं शिकलो. आपल्याकडं व्हॅन एका घराची नसते. तिच्यात बाजाराच्या दिवशी टमाटे जातात, रात्री-बेरात्री कोणाची डिलिव्हरीची पेशंट यवतमाळले जाते, आणि सुटीच्या दिवशी अर्धी गल्ली शेगावले. ती उभी राहिली की दहा घरांचं काम अडते. म्हणून कोणाचा फोन आला की "भाऊ, गॅरेजवाला म्हणते कॉम्प्युटर गेला, बदलू काय?" तर मला खरंच काळजी वाटते, कारण अशा बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर चांगला निघाला आणि पैसे मात्र गेले. फोनवर तेच तेच सांगावं लागते, म्हणून इथं सगळं लिहून ठेवतो.

ईसीएम, ईसीयू, कॉम्प्युटर, डब्बा... हे सगळं एकच का?

हो, एकच. कोणी ईसीएम म्हणते कोणी ईसीयू, मेकॅनिक लोक डब्बाच म्हणतात. ॲल्युमिनियमची नाहीतर प्लास्टिकची चपटी पेटी असते, आत एक सर्किट बोर्ड. सेन्सरकडून माहिती घेते (इंजिन किती फिरून राहिलं, हवा किती आली, पाणी किती गरम आहे) आणि त्यावरून इंजेक्टर कधी उघडायचा, स्पार्क कधी द्यायचा, पेट्रोल पंप चालू ठेवायचा की नाही ते ठरवते.

माझ्या ओम्नीत तो आहे की नाही, कसं कळेल?

ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत निघाली आणि त्यातल्या पहिल्या कितीतरी वर्षांच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या आहेत. त्यात इंजेक्टर नाही, इंजेक्शनचा ईसीएमही नाही. ओळखायची सोपी रीत म्हणजे सगळीकडं शांत असताना चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि टाकीकडं कान द्या. दोन-तीन सेकंद घुंss असा आवाज येऊन बंद झाला तर तो इलेक्ट्रिक पंप, म्हणजे गाडी इंजेक्शनची. ईको २०१० पासून आली, ती सगळी इंजेक्शनचीच. कार्ब्युरेटरच्या गाडीला कोणी "कॉम्प्युटर टाकावा लागते" म्हणत असेल तर तिथून गाडी काढून घ्या.

ईसीएमच खराब झाला हे ओळखायचं कसं?

खरं उत्तर असं, की नुसत्या लक्षणांवरून ओळखता येत नाही. मिसिंग, झटके, पिकअप नाही, काळा धूर, मधेच बंद पडणं, सेल्फ मारतो पण गाडी घेत नाही, ही सगळी लक्षणं ईसीएमची असू शकतात पण त्याच्याआधी ती प्लग, कॉइल, पेट्रोल पंप, खराब अर्थ (म्हणजे अर्थिंग, मायनसची वायर), लूज कपलर (वायरी जोडायची खोच), जळका रिले (करंट सोडणारा स्विच), नाहीतर एखाद्या सेन्सरचीही असू शकतात, आणि बहुतेकदा असतातच. ईसीएम हा शेवटचा संशयित. बाकीचे सगळे निर्दोष निघाले की मग त्याच्याकडं या.

ईसीएमवर माझा संशय केव्हा जातो सांगतो. एक, करंट आणि अर्थ दोन्ही त्याच्या कपलरवर व्यवस्थित पोचून राहिले आणि तरी तो मेल्यासारखा आहे, चेक लाइट नाही, पंपाचा आवाज नाही, स्कॅनर (दोषाचे कोड वाचायचं यंत्र) जुळत नाही. दोन, एकच इंजेक्टर किंवा एकच कॉइल चालत नाही, इंजेक्टर चांगला, वायर चांगली, पण ईसीएमकडून सिग्नलच येत नाही. तीन, सगळे सेन्सर काढले तरी ईसीएमकडून सेन्सरला जाणारं ५ व्होल्ट येत नाही. चौथं म्हणजे डब्ब्यावर बोटानं हलकी टिचकी मारली की इंजिनचा आवाज बदलतो, पण इथं जपून, कारण टिचकीनं कपलर हलते आणि दोष कपलरचा असतो.

चावी ऑन केली की चेक लाइट पेटतच नाही, म्हणजे ईसीएम गेला ना?

थांबा भाऊ. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केली की पिवळा चेक लाइट पेटला पाह्यजे आणि गाडी चालू झाली की गेला पाह्यजे. तो पेटत नसेल तर तीन गोष्टी असू शकतात: मीटरमधला बल्ब गेला, ईसीएमला करंटच जाऊन नाही राहिला, किंवा ईसीएम खरंच मेला. मधली गोष्ट सगळ्यात जास्त सापडते. आधी फ्यूज काढून मल्टिमीटरनं पाहा, नुसतं डोळ्यानं पाहू नका, केसाएवढी चीर दिसत नाही. मग ईसीएमचा मेन रिले. त्याच प्रकारचा रिले गाडीत दुसरा असेल तर अदलाबदल करून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक विनंती, फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी लावू नका. आपल्याकडं ही सवय फार आहे. फ्यूज उडाला म्हणजे कुठंतरी शॉर्ट आहे, तार लावली की तो शॉर्ट सरळ डब्ब्यापर्यंत जातो नाहीतर वायरिंग पेटते, आणि ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे, म्हणजे आग माणसाच्या बुडाखालीच लागते.

गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. मे महिन्यात जास्त. ईसीएम का?

असू शकतो, पण आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरून राहिलं हे ईसीएमला सांगणारा; किंवा तुमच्या गाडीत डिस्ट्रीब्युटर असेल तर त्यातला पिकअप), इग्निशन कॉइल आणि पेट्रोल पंप पाहा. गरम झालं की आतली बारीक तार तुटते, थंड झाली की परत जुळते, हा रोग या तिघांना जास्त होतो. आपल्याकडं मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जातो, उभ्या गाडीच्या आत तर हात लावू नाही देत, त्यात दहा-पंधरा वर्षं काढलेला कुठलाही इलेक्ट्रिक पार्ट कुरकुर करतोच.

तपासायची रीत अशी, की बंद पडल्याबरोबर, गाडी गरम असतानाच पाहायचं. मेकॅनिककडं टोचन करून नेईपर्यंत ती थंड होते आणि तिथं गेल्यावर एका सेल्फमध्ये चालू होते, मग तो म्हणते काहीच दोष नाही. म्हणून जवळ एक जुना प्लग ठेवा. बंद पडली की चावी ऑन करून पंपाचा आवाज येते का ऐका, आला नाही तर पंप किंवा रिलेकडं जा. आवाज आला तर प्लग लावून स्पार्क पाहा (इंजेक्टरजवळ पेट्रोल गळून नाही राहिलं हे पाहूनच, आणि लहान पोरांना दूर ठेवून). पंपही चालते, चेक लाइटही आहे, पण स्पार्कही नाही आणि इंजेक्टरही टकटक करत नाही, तर बहुतेक वेळा क्रँकचा सिग्नल गेलेला असतो.

ईसीएमचं असेल तर हेअर ड्रायरची परीक्षा. गाडी चालू ठेवा, डब्बा जागेवरून सोडवून बाहेर घ्या पण कपलर लावलेलंच राहू द्या, आणि ड्रायरनं लांबून हळूहळू गरम करा. हाताला चांगला चटका बसेल इतकाच, जास्त नाही. तेवढ्यात इंजिन मिस मारायला लागलं आणि थंड झाल्यावर परत सुधरलं, असं दोन-तीन वेळा झालं, तर डब्ब्यातच गडबड आहे. पाणी किंवा बर्फ लावून थंड करायला जाऊ नका.

घरी मल्टिमीटर आहे. काय काय आणि कोणत्या क्रमानं पाहू?

हा प्रश्न कोणी विचारला की मला आनंद होते, कारण ही अर्ध्या तासाची तपासणी केली तर बहुतेकांचे हजारो रुपये वाचतात. क्रम बदलू नका.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास पाह्यजे. मग मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, त्या वेळी साडेनऊच्या खाली जाऊन राहिलं तर आधी बॅटरी सुधरवा, कारण व्होल्टेज पडलं की ईसीएम मधेच झोपते आणि लोक त्याला मेलेला समजतात. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ पाह्यजे. पंधराच्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, तो ईसीएमचा मोठा वैरी, तसं असेल तर गाडी लगेच बंद करा.

मग अर्थ, आणि यात घाई करू नका. आमच्या ओम्नीची गोष्ट सांगतो. मिसिंग होती, कधी चालायची कधी नाही, तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं मीटर न लावता सांगितलं की डब्बा गेला. जुना डब्बा आणून टाकला, साडेआठ हजार घेतले. पंधरा दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. शेवटी मीच सीट उचलून बसलो. इंजिनपासून बॉडीकडं येणारी अर्थची काळी वायर वरून पाहिली तर अगदी चांगली, बोल्ट टाइट, छल्ला चमकदार. पण हातानं वाकवली तर छल्ल्याच्या दोन बोटं मागं ती दोरीसारखी लुळी लागली. ब्लेडनं रबर चिरलं, आतून हिरवी पूड पडली आणि तांब्याच्या दोनच तारा शाबूत होत्या. वायर शंभराची पण नाही. डब्बा बदलताना ती हलली म्हणून पंधरा दिवस जुळून राहिली होती, एवढंच.

म्हणून अर्थ डोळ्यानं नाही, मीटरनं पाहायचा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबाला (टर्मिनलला नाही, खांबाला), दुसरं ईसीएमच्या अर्थच्या वायरीवर कपलरच्या मागून. चावी ऑन, हेडलाइट ऑन, मग सेल्फ मारा. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत राहिलं तर अर्थ ठीक. अर्धा-एक व्होल्ट दाखवून राहिला तर दोष सापडला, डब्ब्याला हात लावू नका.

मग प्लसचा करंट. कपलरवर एक वायर कायम बारा व्होल्टची असते, मेमरीसाठी, आणि दुसरी चावी ऑन केल्यावर मेन रिलेतून येते. दोन्हीवर बॅटरीएवढं व्होल्टेज पाह्यजे.

मग ५ व्होल्ट. थ्रॉटलच्या सेन्सरला (टीपीएस म्हणतात) तीन वायरी असतात, एक ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. चावी ऑन करून ५ व्होल्ट येते का पाहा. आलं तर ईसीएमचं आतलं पॉवर सप्लाय जिवंत आहे. नाही आलं तर लगेच डब्बा मेला म्हणू नका, ५ व्होल्ट घेणारे सगळे सेन्सर एकेक करून काढा, टीपीएस, मॅप (हवेचा दाब पाहणारा), जे असतील ते. एखादा काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आलं तर तोच सेन्सर आतून शॉर्ट आहे आणि बाकीच्यांचं व्होल्टेज ओढून राहिला होता. सगळे काढूनही नाही आलं तर वायर कुठं बॉडीला घासली का ते पाहा, तीही ठीक असेल तर मग खरंच डब्बा.

शेवटी इंजेक्टर. कपलर काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजा, आपल्या या व्हॅनांत साधारण ११ ते १६ च्या आत येते. सगळ्यांचं जवळपास सारखं पाह्यजे. सिग्नल पाहायला एलईडीचा टेस्टर वापरा. बल्बवाला जुना टेस्टर ईसीएमच्या वायरीवर लावू नका, तो जास्त करंट ओढते आणि चांगला ड्रायव्हर (माणूस नाही, इंजेक्टर-कॉइल चालवणारा डब्ब्यातला पार्ट) जाळू शकते.

स्कॅनरवर ईसीएमचा कोड आला तर पक्कं समजायचं का?

पी ०६०१, पी ०६०५, पी ०६०६ हे कोड ईसीएमच्या आतल्या मेमरीचे आणि प्रोसेसरचे आहेत. ते आले तर संशय खरा मानायला जागा आहे, पण बॅटरी पडल्यामुळंही कधी येतात, म्हणून कोड पुसा, बॅटरी-अर्थ ठीक करा, दोन दिवस चालवा, परत आला तर बोला. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी ०२०१ पहिल्या इंजेक्टरच्या सर्किटचा. "सर्किट" शब्द लक्षात ठेवा, त्यात वायर आणि कपलर पण येतात, नुसता पार्ट नाही.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर जुन्या ओम्नीला जुळला नाही तर घाबरू नका, जुन्या गाड्यांची भाषा वेगळी असते, तो नवीन गाड्यांच्या हिशोबानं बनलेला असते. जुन्या सुझुकी सिस्टीममध्ये चेक लाइट मिचकावूनही कोड दाखवते, एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे १२, म्हणजे ईसीएमला काही दोष सापडला नाही. ते करायला डायग्नोसिसच्या कपलरमध्ये ठरलेल्या दोन पिना जोडाव्या लागतात, ते माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

ईसीएम मरतो कशानं? डब्ब्यात हलणारं तर काहीच नाही.

बरोबर, तो आपणहून फार कमी मरतो. बहुतेकदा आपणच मारतो.

वेल्डिंग. दिवाळीआधी एका शाळेच्या व्हॅनवाल्यानं छतावर कॅरिअर वेल्ड करून घेतला, बॅटरीचा एकही वायर काढला नाही, अर्थचा चिमटा मागच्या दाराला. वेल्डिंगचा करंट वाट मिळेल तिकडून जाते आणि त्याला वाट मिळाली ईसीएमच्या अर्थमधून. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं दप्तर घेऊन गेटवर उभी आणि गाडी मुकी. म्हणून वेल्डिंगच्या आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा, शक्य असेल तर ईसीएमचं कपलरही काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला लावा. दहाचा पाना आणि पाच मिनिटं लागतात.

ट्रकवरून जंप स्टार्ट. मोठ्या ट्रकची सिस्टीम बहुतेक २४ व्होल्टची, आपली १२ ची. ट्रॅक्टरची बॅटरी १२ ची असते, ती चालते, पण ट्रॅक्टरची रेस वाढवून नाही. उलटे वायर लावणं, चालू गाडीत बॅटरीचा वायर काढून "अल्टरनेटर चालते का" पाहणं, हेही तसंच. ते शेवटचं तर बंदच करा, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली युक्ती आहे ती.

उंदीर. सोयाबीन निघालं की वावरातले उंदीर घराकडं येतात, कापसाच्या गंजीजवळ गाडी उभी असेल तर इंजिनात घर करतात. वायर कुरतडली, दोन उघड्या तारा एकमेकीला लागल्या, की ड्रायव्हर जळते.

पाणी. पावसाळ्यात काचेच्या रबरातून थेंब थेंब आत येते, वायरीवरून वाहत कपलरपर्यंत जाते. पिना हिरव्या दिसल्या तर हेच झालंय. कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, आणि वायरीला कपलरच्या आधी खालच्या बाजूनं एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळते.

आणि वय. आतले कपॅसिटर म्हातारे होतात. एका जुन्या व्हॅनचा डब्बा मी उघडला तेव्हा झाकण काढल्याबरोबर सुक्या मासोळीसारखा वास आला. एका छोट्या कपॅसिटरच्या पायाशी तपकिरी चिकट डाग, आणि त्याच्याखालून गेलेली तांब्याची रेघ मधेच काळी पडून खाल्ली गेली होती, सुईच्या टोकाएवढी जागा. बाकी बोर्ड नव्यासारखा. दोन कपॅसिटर बदलले, रेघेवर बारीक तार जोडली, गाडी चालू. असे डब्बे लोक भंगारात टाकतात.

नवीन घेऊ, जुना घेऊ, की रिपेअर करू?

माझं मत विचाराल तर आधी रिपेअर. कपॅसिटर, सुकलेला सोल्डर, इंजेक्टर किंवा कॉइलचा ड्रायव्हर, हे सगळं बदलता येते, आणि मूळ डब्बा राहिला तर चावीचाही त्रास नाही. नागपूर, अमरावती, अकोल्याकडं ईसीएम रिपेअरवाले सापडतात. गाव लांब असेल तर पार्सल करा, बबल रॅपमध्ये गुंडाळून, पिनांकडं पुठ्ठा लावून, आणि चिठ्ठीत गाडीचं मॉडेल, वर्ष, इंधन आणि नेमकं काय होते ते लिहा. "चालत नाही" एवढंच लिहू नका. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी सिस्टीम) असेल तर त्याचा बॉक्स आणि चावीही पाठवावी लागेल का ते आधी विचारा.

बोर्डवर पाणी फिरून अर्ध्या रेघा गेल्या असतील किंवा प्रोसेसर गेला असेल तर रिपेअरवर पैसे घालू नका. मग जुना पण चालू डब्बा पाहा, तो गाडीवर लावून चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका, आणि चिठ्ठीवर नंबर लिहून बिल घ्या, चोरीचा पार्ट असला तर झंझट आपल्या गळ्यात पडते. नवीन सगळ्यात महाग पडते, जुन्या मॉडेलचा मिळायला वेळही लागते. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर आरसी रिन्यूचा खर्चही सोबत धरा, प्रायव्हेट गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तो येतोच, आणि मग ठरवा.

दिसायला सेम टू सेम डब्बा आहे, कपलरही बसते. चालेल ना?

नाही. स्टिकरवरचा पूर्ण नंबर जुळला पाह्यजे, शेवटच्या अक्षरापर्यंत. सुझुकीच्या ईसीएमचा पार्ट नंबर बहुतेक ३३९२० नं सुरू होते, म्हणून सुरुवात सगळ्यांची सारखीच दिसते, फरक पुढं असते. बीएस ३ आणि बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम) चा प्रोग्राम वेगळा, पेट्रोल आणि गॅसचा वेगळा. पिना बसल्या म्हणून वायरी सारख्या असतील असं नाही, चुकीच्या पिनवर बारा व्होल्ट गेलं तर नवा डब्बाही गेला आणि सेन्सरही.

डब्बा बदलला, सेल्फ मारतो, एक सेकंद घेते आणि बंद. किंवा घेतच नाही.

मीटरवर चावीचं किंवा गाडी-कुलपाचं चिन्ह मिचकावून राहिलं का? तर हा इमोबिलायझर. ईकोसारख्या गाडीत चावीत चिप असते, ईसीएम आणि चावी यांची ओळख जुळल्याशिवाय तो पेट्रोल देत नाही. दुसऱ्याच्या गाडीचा डब्बा तुमच्या चावीला ओळखत नाही. उपाय दोन, कंपनीच्या स्कॅनरनं पेअरिंग करणं, किंवा जुन्या डब्ब्याच्या मेमरीतला डेटा नव्यात उतरवणं, त्याला क्लोनिंग म्हणतात. क्लोनिंगसाठी जुना डब्बा लागतोच, म्हणून तो गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. इमोबिलायझर "काढून टाकतो" म्हणणारेही भेटतील, पण मग चोराला गाडी सोपी होते, मी नाही करत ते काम.

गॅसवर चालणारी व्हॅन आहे, काही वेगळं पाहायचं का?

हो. सिक्वेन्शियल किट (गॅसचे वेगळे इंजेक्टर असलेली) असेल तर गॅसचा वेगळा ईसीयू असते आणि तो इंजेक्टरच्या वायरी मधेच कापून जोडलेला असते. टेपनं गुंडाळलेले ते जोड हाच अर्ध्या रोगांचा उगम. आधी गॅसचे जोड काढून मूळ कपलर सरळ लावा आणि गाडी नुसत्या पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर ठीक चालली तर पेट्रोलच्या ईसीएमला काही झालेलं नाही. कंपनी फिटेड सीएनजीमध्ये दोन ईसीयू एकमेकांशी बोलतात, तिथं कापाकापी करू नका.

आणि घरगुती सिलिंडर व्हॅनमध्ये लावून फिरणाऱ्यांना हात जोडून सांगतो, काढा ते. बेकायदेशीर आहे हे तर आहेच, पण मागच्या सीटवर शाळेची पोरं बसलेली असतात.

स्वतः बदलता येतो का?

येतो, काम सोपं आहे, तपासणीच कठीण होती. चावी बंद करून काढून घ्या. बॅटरीचा मायनस आधी काढा, पाच-दहा मिनिटं थांबा. डब्ब्याची जागा गाडीनुसार बदलते, जाड वायरिंगचा झुपका कुठं जाते ते पाहत जा. कपलरची जुनी लॉक कडक झालेली असते, वायर धरून ओढू नका, लॉक दाबून दोन्ही बाजूंनी हळूहळू सरकवा. पिनांना बोट लावू नका, हात आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते. नवा डब्बा लावायच्या आधी दोन्हीचे फोटो काढा, नंबर पुन्हा जुळवा. कपलर खट् आवाज येईपर्यंत. ब्रॅकेटचे रबर असतील तर तेच परत लावा, तार बांधून लटकवू नका, खड्ड्यांनी सोल्डर तुटते. शेवटी बॅटरीचा मायनस.

बदलल्यावर गाडी आयडलला (रेस न देता उभी चालू असताना) वर-खाली होऊन राहिली.

एक-दोन दिवस चालेल, नव्या डब्ब्याला गाडीची सवय लागते. एसी, लाइट बंद ठेवून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत आयडलवर राहू द्या, मग गावाबाहेर थोडी शांतपणे चालवा. तरी नाही बसली तर थ्रॉटल बॉडीत कार्बन किंवा कुठं हवा लीक.

नवीन टाकला तोही आठ दिवसात गेला!

म्हणजे पहिल्याला मारणारा गाडीतच बसून आहे. इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइल आतून शॉर्ट असेल तर तो ड्रायव्हर पुन्हा जाळणारच. अल्टरनेटर पंधराच्या वर जात असेल तरीही. नवा डब्बा टाकायच्या आधी या तीन गोष्टी मोजल्या का, आणि आकडे किती आले, हे गॅरेजवाल्याला विचारा. त्यानं आकडे सांगितले तर माणूस कामाचा आहे. "डब्बेच डुप्लिकेट येऊन राहिले भाऊ" म्हणाला तर दुसरीकडं पाहा.

गाडी खराब ईसीएमवर तशीच चालवली तर?

जास्त पेट्रोल जाळून काळा धूर निघत असेल तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा पार्ट) तापून खराब होते आणि पीयूसीतही नापास. पण मला जास्त भीती अचानक बंद पडण्याची वाटते. इंजिन बंद पडलं की ब्रेक कडक होते, आणि घाटात भरलेली गाडी असेल तर विचार करा. पेशंट आणि शाळेची पोरं तिच्यात बसवू नका, दोन दिवस दुसऱ्याची गाडी सांगा.

काढलेल्या जुन्या डब्ब्याचं काय करू?

ठेवा. वर मार्करनं गाडी नंबर, काढल्याची तारीख आणि काय दोष होता ते लिहा, पॉलिथिनमध्ये नीट बांधून कपाटात ठेवा, ज्वारीच्या कोठीजवळ नाही, तिथं उंदीर येतात. उद्या नवा गेला, चावी हरवली, क्लोनिंग करायची वेळ आली, तर हाच लागते. भंगारवाला त्याचे जे काही पैसे देईल त्याच्यासाठी तो देऊ नका.